आले किती, राहिले किती
हवा आणि पाण्याच्या प्रदूषणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९७० हे साल या विषयाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. त्या वर्षी १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली आणि ७ सप्टेंबरला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. एका संस्थेने मुंबईची गर्दी, बाजार आणि गोदामे खाडीपलीकडे हलवून नवे शहर वसवायचे होते, दुसरीने कारखान्यांच्या सांडपाण्यावर पहारा ठेवायचा होता. मंडळ ज्या कायद्यातून उभे राहिले तो महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा १९६९चा. स्टॉकहोमची जागतिक पर्यावरण परिषद त्यानंतर तीन वर्षांनी भरली आणि केंद्राचा जल कायदा पाच वर्षांनी आला. तेव्हा आपल्या राज्याला या प्रश्नाची जाण उशिरा आली, असे म्हणायला जागा नाही. जाण होती, कायदा होता, माणसेही होती. शहर मात्र पहाऱ्याच्या कितीतरी पुढे धावले. हे अंतर पायी फिरून पाहायचे असेल तर नवी मुंबईतल्या कळंबोलीला यावे.

कर्नाक बंदर आणि दारूखाना भागातला मुंबईचा लोखंडाचा व्यापार हलवण्यासाठी सिडकोने इथे लोखंड-पोलाद बाजार उभा केला. पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू झाला. शीव-पनवेल महामार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा रस्ता असे सारे कळंबोली सर्कलपाशी एकत्र येतात, आणि कंटेनरचे ट्रेलर दिवसरात्र तिथे वळत असतात. उत्तरेला तळोजा औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, रंग, अन्नप्रक्रिया, मासळीप्रक्रिया असे नाना प्रकारचे कारखाने तिथे एकमेकांना लागून आहेत. त्या वसाहतीतून वाहत येणारी कासाडी नदी कळंबोली-रोडपालीच्या कडेने खाडीला मिळते. कळंबोलीची जमीन मुळात इतकी सखल की भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवायला सिडकोला धारण तलाव खोदावे लागले. २६ जुलै २००५च्या पुरात ही सखलता कळंबोलीकरांनी पुरती भोगली. या विषयाच्या पाठ्यपुस्तकातील जवळजवळ प्रत्येक संज्ञेला या दोन-चार मैलांत एखादे ठिकाण बोट दाखवून देता येते, म्हणूनच प्रस्तावनेसाठी मी ही जागा निवडली.

विषयाचा मूळ प्रश्न साधा आहे. एखाद्या ठिकाणी घाण किती आली, ती तिथे किती वेळ थांबली आणि निघून कुठे गेली? वर्तमानपत्रात आणि सभांत आपण बहुधा पहिल्याच भागावर बोलतो: कोणी सोडले, किती सोडले. तो भाग महत्त्वाचाच आहे. पण श्वासात काय जाते आणि माशाच्या कल्ल्याला काय लागते, हे सोडलेल्या मालाइतकेच त्याच्या मुक्कामावर ठरते. तीच चिमणी, तेवढाच धूर. मे महिन्यातल्या दुपारी कोणाच्या ध्यानातही येत नाही आणि डिसेंबरच्या पहाटे घशाला झोंबतो. तोच नाला, तेवढेच पाणी. ऑगस्टमध्ये वाहून जाते आणि मार्चमध्ये मासे उलटे होऊन तरंगतात. हवा आणि पाणी हे दोन वेगळे विषय आहेत असे आपले कायदे आणि अभ्यासक्रम मानतात. मला ते एकाच हिशेबाची दोन पाने वाटतात, आणि वाचकाने पुढची प्रकरणे त्याच नजरेने वाचावीत अशी माझी इच्छा आहे.

आधी हवा घेऊ. दिवसा ऊन जमीन तापवते, तापलेली हवा वर चढते आणि धुराला एक किलोमीटर किंवा त्याहून अधिक उंचीपर्यंत मिसळायला जागा मिळते. सूर्य मावळला की जमीन निवते. तिला लागून असलेला हवेचा थर थंड आणि जड होतो, त्याच्यावर तुलनेने उबदार हवा झाकणासारखी बसते. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री मिसळण्याची उंची शे-दोनशे मीटरवर येऊ शकते. हिशेब अगदी शाळेतला आहे: हजार मीटरची जागा दोनशेवर आली आणि धूर तितकाच राहिला, तर प्रत्येक घनमीटरमधला धूर पाचपट होतो. त्यात वाराही पडलेला असतो, म्हणजे बाहेर जाण्याचा वेगही कमी. पूर्वेला माथेरानची रांग, पश्चिमेला पारसिकचे डोंगर, मधल्या सखल पट्ट्यात थंड हवा साचते. हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येकडून वाहू लागला की कळंबोली तळोज्याच्या वाऱ्याखाली येते. रात्री अकरानंतर केमिकलचा वास येतो, खिडक्या लावून घ्याव्या लागतात, ही कळंबोली, तळोजा, खारघर या भागांतली जुनी तक्रार आहे. रात्रीचा फायदा घेऊन कोणी जास्त सोडते का, हे तपासलेच पाहिजे. पण कोणीही एक कणही जास्त सोडला नाही तरी रात्रीची हवा दिवसापेक्षा वाईट असेल, हे ज्याला माहीत आहे तो तक्रार अधिक नेमकी करू शकतो. रात्री सोडण्याची मुभा दिवसाइतकीच का असावी, हा प्रश्न मग त्याला आपोआप सुचतो. माझ्या मते तो या भागातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला गेलेला प्रश्न आहे.

इथे सरासरीचा धोकाही सांगायला हवा. भारताच्या २००९च्या मानकांनुसार पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांची मर्यादा वर्षाच्या सरासरीने ४० आणि चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस अनुक्रमे ५ आणि १५वर आणली. दोन्हींतली तफावत मोठी आहे आणि तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पण चोवीस तासांच्या सरासरीत पहाटेचे चार वाईट तास दुपारच्या मोकळ्या हवेत विरघळून जातात. दूध घालणारा, पेपर टाकणारा, पहिल्या पाळीला निघालेला कामगार, पहाटे फिरायला जाणारे आजोबा हे श्वास घेतात तो त्या तासांतला. त्यांच्यासाठी सरासरी पुरेशी नाही. कळंबोली आणि तळोजा या दोन्ही ठिकाणी मंडळाची स्वयंचलित मापन केंद्रे आहेत. त्यांचे तासागणिक आकडे दिवसाच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक बोलतात.

हे कण म्हणजे काय? माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. अडीच मायक्रॉनचा कण नाकातले केस आणि घशातला चिकटा चुकवून फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातो. त्यातला काही भाग थेट जळणातून येतो. काही भाग हवेतच तयार होतो: वाहनांतून आणि बॉयलरमधून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सांडपाण्यातून, खतातून, कुजणाऱ्या मासळीतून निघणारा अमोनिया यांची गाठ पडली की अमोनियम नायट्रेटचे कण बनतात. वायू म्हणून सुटलेली वस्तू कण म्हणून छातीत जाते. म्हणजे एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीचा दुसऱ्याच्या चिमणीशी संबंध असतो, आणि तो दोघांनाही ठाऊक नसतो.

आरोग्याशी असलेला संबंध शोधण्याचे काम आपल्याकडे लवकर सुरू झाले होते, याचा विद्यार्थ्यांना अभिमान वाटावा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर आणि खार या मुंबईच्या तीन भागांतल्या आणि तुलनेसाठी एका ग्रामीण भागातल्या हजारो लोकांची तपासणी केली, त्यांच्या खोकल्याची, धापेची, फुफ्फुसाच्या क्षमतेची नोंद ठेवली आणि ती हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणाशी ताडून पाहिली. शहरी भागांत श्वसनाचा त्रास अधिक आढळला. अमेरिकेतला सहा शहरांचा प्रसिद्ध अभ्यास, ज्याने सूक्ष्म कणांचे नाते थेट मृत्युदराशी जोडले, तो १९९३चा. कामतांचे काम त्याच्या आधीचे आहे. त्यांना उपकरणे कमी होती, पण घरोघरी जाण्याची चिकाटी होती. कळंबोलीसारख्या ठिकाणी आज त्याच पद्धतीचा दीर्घ मुदतीचा अभ्यास व्हायला हवा. पनवेल परिसरातल्या वैद्यकीय आणि विज्ञान महाविद्यालयांनी एकत्र येऊन तो हाती घेतला तर दहा वर्षांत आपल्याकडे स्वतःची आकडेवारी असेल.

नियंत्रण होत नाही, अशी निराशा या विषयात लवकर येते. तिला उत्तर देणारे उदाहरण सर्कलवरच्या ट्रेलरमध्येच आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहनांच्या इंधनाचा आणि धुराच्या मानकांचा टप्प्याटप्प्याचा आराखडा दिला. त्याच वाटेने पुढे जात १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले आणि डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. गंधक घटल्यामुळेच कण गाळणारी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणारी उपकरणे इंजिनाला बसवता आली. ही किमया रिफायनरीत झाली. तिच्यासाठी चौकात कोणाला दंडाची पावती फाडावी लागली नाही. अर्थात जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि टायर-ब्रेकची झीज व रस्त्यावरची धूळ यांना कोणतेच इंधन-मानक लागू होत नाही. लोखंडाने भरलेला ट्रेलर उखडलेल्या रस्त्यावरून गेला की मागे उठणारा लोट थांबवायचा उपाय काँक्रीट, झाकलेला माल आणि रोजची झाडलोट हाच आहे. त्यात विज्ञान थोडे आणि नगरपालिकेचे काम जास्त.

आता पाणी. नदीची तब्येत सांगायला जो आकडा सर्वाधिक वापरला जातो तो बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातील त्याचे माप. या चाचणीचा इतिहास कळंबोलीच्या विद्यार्थ्याला फार काही शिकवून जातो. ब्रिटनच्या सांडपाणीविषयक शाही आयोगाने १९१२च्या अहवालात ही चाचणी पाच दिवसांची ठरवली. त्यांच्या देशातली कोणतीही नदी उगमापासून समुद्रापर्यंत जायला पाच दिवसांहून अधिक घेत नाही, तेव्हा तेवढ्या अवधीत किती प्राणवायू खर्च होतो एवढेच पाहणे पुरे, असा त्यामागचा विचार होता. त्याच अहवालाने सांडपाण्यासाठी प्रति लिटर २० मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा सुचवली, पण एका अटीवर: नदीत त्या सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी असले पाहिजे. मर्यादा जगभर गेली. भारतात आज चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची आहे आणि नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. आठपट पाण्याची अट मात्र वाटेत कुठेतरी गळून पडली.

ती किती मोलाची होती ते हिशेबाने पाहू. तळोज्याच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज २२.५ दशलक्ष लिटर. समजा ते पूर्ण क्षमतेने चालले आणि मर्यादा काटेकोर पाळून ३० मिलिग्रॅमनेच पाणी सोडले. तरी त्या पाण्याला रोज ६७५ किलो प्राणवायू लागेल. आपल्या हवामानात स्वच्छ गोड्या पाण्यात लिटरमागे फार तर ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो आणि माशांना जगायला साधारण ४ तरी शिल्लक राहावा लागतो. म्हणजे खर्चायला लिटरमागे ४ मिलिग्रॅम. हा भार सहज पेलायला सांडपाण्याच्या साडेसातपट ताजे पाणी हवे. शंभर वर्षांपूर्वीच्या आयोगाच्या आठपटीशी हा आकडा किती जुळतो ते पाहा. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात चार महिने ते पाणी असते. उरलेले आठ महिने कासाडीसारख्या छोट्या कोकणी नदीला स्वतःचे पाणी जवळजवळ नसते. नदीच्या पात्रातून वाहते ते बरेचसे सांडपाणीच. नियम पाळूनही नदी मरू शकते, हे या उदाहरणातून कळते. नियम मोडले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

शिवाय ही नदी समुद्राला सरळ मिळत नाही, खाडीला मिळते. ओहोटीने नेलेले पाणी भरती परत आणते. सहा तासांनी पुन्हा तेच पाणी, पुन्हा तेच ओझे. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो, हा आणखी एक फटका. इथल्या आगरी-कोळी मंडळींकडे या मुक्कामाचे ज्ञान पिढ्यानपिढ्यांचे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी भरभरून येते आणि तितक्याच जोराने रिकामी होते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, पाणी जेमतेम हलते. खाडीच्या तोंडापर्यंत स्वच्छ पाण्याची देवघेव उधाणात होते आणि भांगात खुंटते. नमुना कोणत्या तिथीला, भरतीच्या कोणत्या वेळी घेतला हे न लिहिता दिलेला खाडीचा बीओडी अर्धाच आकडा आहे. जिताडा, बोय, निवटी, चिंबोरी यांतले काय कधी आणि कुठवर मिळत असे, हे सांगणारी वडीलधारी माणसे रोडपाली, नावडे, तळोजे या गावांत आहेत. त्यांची साक्ष तारीखवार लिहून घेणे हे शास्त्रीय काम आहे, आणि ते तातडीचे आहे.

प्रक्रिया केंद्र आतून कसे चालते, त्याचे तपशील पुढे येतीलच. इथे एकच सांगतो. मँचेस्टरमध्ये १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी जी सक्रिय गाळाची पद्धत दाखवली, तीच थोड्याफार फरकाने आजही जगभर वापरली जाते: जिवाणूंना हवा द्या, ते घाण खातील, गाळ खाली बसेल. पण जिवाणू हे सजीव आहेत. एका कारखान्याने अचानक आम्लाचा किंवा क्षारांचा लोंढा पाठवला तर टाकीतली सारी वस्ती मरते, आणि मग बाकीच्या शेकडो कारखान्यांचे पाणीही न खाल्लेले तसेच पुढे जाते. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना, असे सामाईक केंद्राचे स्वरूप असते. आणि खाली बसलेला गाळ? तो घातक कचऱ्याच्या भरावाकडे जातो, आणि तसे केंद्रही तळोज्यातच आहे. चिमणीवर फवारा लावून धूर धुतला की तो सांडपाणी होतो, सांडपाणी निवळले की गाळ होतो, गाळ जाळला की पुन्हा धूर. पदार्थ नाहीसा होत नाही, जागा बदलतो. खरे नियंत्रण कारखान्याच्या आतच होते: वेगळी रसायनप्रक्रिया, कमी पाणी, जिथल्या तिथे पुनर्वापर.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे भटके कुत्रे दिसले आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. रंगद्रव्य वापरणाऱ्या एका कारखान्याच्या आवारातला रंग त्यांच्या अंगावर बसला होता. मंडळाने तो कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. पावसाने कुत्रे धुऊन निघाले आणि बातमी संपली. पण धुतलेला रंग पावसाच्या पाण्याबरोबर उताराला लागला असणार, आणि इथला उतार कासाडीकडे जातो. दिसणाऱ्या प्रदूषणाला वाचा लवकर फुटते. रंगहीन विद्रावक, विरघळलेले क्षार, घटलेला प्राणवायू यांचे छायाचित्र निघत नाही. त्यांच्यासाठी मोजमाप हाच एक आवाज आहे.

कायद्याचे प्रकरण वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा. केंद्राचा हवा कायदा १९८१चा, भोपाळनंतरचा पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, १९९६ मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी हे तत्त्व मान्य केले. २००९ मध्ये केंद्रीय मंडळ आणि आयआयटी दिल्ली यांनी औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले तेव्हा महाराष्ट्रातली चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर ही पाच क्षेत्रे सत्तरच्या वर, म्हणजे गंभीर प्रदूषित गटात होती; नवी मुंबईचा आकडा ७३.७७. कासाडीचा प्रश्न २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आणि प्रक्रिया केंद्राला नुकसानभरपाईपोटी मोठी रक्कम भरायला सांगितली गेली. हे प्रकरण नेणारी व्यक्ती मच्छीमार समाजातली होती. नदी गेल्याने ज्यांचे ताट रिकामे झाले, त्यांनीच नदीची बाजू मांडली. मात्र लवाद असो वा न्यायालय, तिथे टिकतात ते तारीख, वेळ, जागा आणि पद्धत लिहिलेले आकडे. चळवळ आणि प्रयोगशाळा यांची मैत्री नसेल तर दोघींचेही काम अर्धे राहते.

या विषयात यायला रसायनशास्त्राची पदवी असलीच पाहिजे असे नाही. अभियंत्याला नळ आणि पंप कळतात, डॉक्टरला छाती कळते, वकिलाला संमतीपत्रातल्या अटी वाचता येतात, गृहिणीला वास कोणत्या दिवशी किती वाजता आला ते नेमके आठवते, कोळ्याला पाण्याची ओढ कळते. पुढची प्रकरणे या सर्वांसाठी लिहिली आहेत आणि गणित बेरीज-गुणाकाराच्या पुढे फारसे जात नाही. अनेक प्रश्न उघडे आहेत. हिवाळ्याच्या रात्री कळंबोलीच्या हवेतला कितवा हिस्सा ट्रेलरचा, कितवा तळोज्याचा आणि कितवा कचरा जाळण्याचा? भांगाच्या आठवड्यात खाडीच्या आतल्या टोकाचे पाणी बदलायला किती भरत्या लागतात? धारण तलावांत साचलेल्या गाळात काय काय दडले आहे?

दुसऱ्या प्रश्नाला हात घालायला महागडे यंत्र लागत नाही. ओहोटी लागली असताना पुलाखाली पात्राची रुंदी आणि काही ठिकाणची खोली मोजायची, मोजलेल्या अंतरावर संत्रे किंवा लिंबू तरंगत सोडून सेकंद मोजायचे, पृष्ठभागाच्या त्या वेगाला ०.८५ने गुणायचे आणि पात्राच्या क्षेत्रफळाने पुन्हा गुणायचे. दर सेकंदाला किती पाणी बाहेर जाते ते हाती येते. तेच भरतीला, तेच उधाणाला, तेच भांगाला करायचे. प्रवाह ठाऊक नसेल तर कोणत्याही प्रदूषकाचा भार काढता येत नाही, म्हणून पहिले प्रकरण प्रवाहमापनाचे आहे.